ऐकू येणारा पुरावा

खर्शीकर सरांना बर्फाचा राग होता. सगळं आयुष्य सुरतेत काढलेला माणूस. बर्फ पाहिला तो उसाच्या रसाच्या गाडीवर, गोणपाटात गुंडाळलेला. पण जुन्या इंग्रजी रहस्यकथांत जो बर्फ पानोपानी पडतो, तो जणू त्यांच्याच दारात पडून वाट अडवतोय अशा त्राग्यानं ते बोलायचे.

"या लोकांचं बरं आहे, बाई. अडचण आली की रात्री बर्फ पाडायचा, सकाळी उठून त्यावरची पावलं बघायची. आपण कशावर बघायची? डांबरावर?"

आम्ही दोघं एकाच मराठी शाळेत होतो. ते मराठी आणि इतिहास शिकवायचे, मी ग्रंथालय सांभाळायचे. वयात वीसेक वर्षांचं अंतर, तरी ते मला शेवटपर्यंत 'बाई'च म्हणत राहिले. स्टाफरूममधली सवय. ते निवृत्त झाले त्या सुमारास एका लहानशा केबल वाहिनीनं रविवारी सकाळी अर्धा तास मराठी मालिका दाखवायचं ठरवलं. सुरतेत मराठी माणूस पुष्कळ. उधन्यापासून डिंडोलीपर्यंत खानदेशातून कापडाच्या कामाला आलेली घरंच्या घरं, शिवाय शाळा-बँकांतले आमच्यासारखे. वाहिनीचे मालक जिग्नेशभाई. त्यांना कोणीतरी सरांचं नाव सांगितलं. सरांनी होकार देताना एवढंच कळवलं की ते नवीन काही रचणार नाहीत; शंभर वर्षांच्या मुरलेल्या रहस्यकथा घेऊन त्या सुरतेत आणून देतील.

'आणणं' हा त्यांचा शब्द. रूपांतर म्हणायचे नाहीत. कथा परदेशातून निघायची, मुंबईला उतरायची आणि तिथून गाडीनं सुरतेकडे यायची, असा त्यांचा हिशेब. ते हातानं लिहायचे, मी संगणकावर उतरवायचे. फोन करून विचारलं, "सर, कुठवर आली?" तर म्हणायचे, "वापीला अडकलीय. बटलरचं काय करायचं ते सुचत नाही." दोन दिवसांनी फोन यायचा, "नवसारी सोडली, बाई. बटलरचा महाराज केला. स्वयंपाकघरात असतो, सगळं ऐकतो, आणि त्याच्याकडे कोणी बघत नाही." एखादी कथा डहाणूच्या पुढे यायचीच नाही. मग ते ती परत पाठवायचे. म्हणजे पुस्तक मिटून कपाटात ठेवायचे. त्याबद्दल त्यांना वाईट वाटायचं, पाहुणा दारातून परत गेल्यासारखं.

वारसाहक्काच्या भांडणांना मात्र ते हात लावत नसत, ती तशीच ठेवत. "ती थेट येतात, बाई. एकही स्टेशन न घेता."

बर्फाचं उत्तर त्यांना उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या, आधी मिळालं. त्या दिवसांत आमच्याकडे रस्त्यारस्त्यावर मांजा रंगवतात. मोठी चाकं फिरत असतात, दोऱ्याला गुलाबी रंग आणि काचेची पूड लागत असते, आणि तो गुलाबी सगळीकडे उतरतो; फुटपाथवर, चपलांना, सायकलींच्या चाकांना, देवळाच्या पायरीवर. सर भाजी घेऊन येत होते. घरी येऊन बघतात तर त्यांच्या मागे फाटकापासून जिन्यापर्यंत गुलाबी पावलं. ते तिथंच पिशवी घेऊन उभे राहिले आणि वर हाक मारली, "नलू, बर्फ पडला."

नलूताई म्हणजे त्यांच्या पत्नी. त्यांच्याबद्दल सांगितल्याशिवाय सरांबद्दल काही सांगता येणार नाही.

ताई सरकारी शाळेत गणित शिकवायच्या. रहस्यकथांचं वेड मुळात त्यांचं. लग्न झाल्यापासून संध्याकाळी सर मोठ्यानं वाचायचे, त्या भाजी निवडत ऐकायच्या. शेवटाच्या जरा आधी सर पुस्तकात बोट घालून थांबायचे आणि विचारायचे, "कोण?" ताई नाव सांगायच्या. ते बरोबर असायचं. सरांच्या म्हणण्याप्रमाणे नेहमी. ताईंच्या म्हणण्याप्रमाणे, "एकदा चुकलं होतं. यांनी एक पान गाळलं होतं तेव्हा."

पुढे काचबिंदूनं त्यांची दृष्टी गेली. ते त्यांनी फारसं न बोलता मानून घेतलं. स्वयंपाकघरातल्या डब्यांच्या जागा त्यांनी आधीच पाठ केल्या होत्या. भीती होती ती वेगळीच. त्यांच्या आईचं डोकं म्हातारपणी विझत गेलं होतं. आधी नावं गेली, मग घरं गेली, शेवटी लेकसुद्धा अनोळखी झाली. ताईंनी ते सगळं केलं होतं, पाहिलं होतं. मला एकदाच म्हणाल्या, "डोळे गेले ते गेले गं मीनल. पण मला जे कळतं ते कळत राहिलं पाहिजे. डोळे नाहीत म्हटल्यावर दुसरं आहे काय माझ्याकडे?"

म्हणून रविवारची ती मालिका त्यांच्यासाठी करमणूक नव्हती. त्या सोफ्याच्या कडेला ताठ बसायच्या, हात मांडीवर, परीक्षेला बसल्यासारख्या. शेवटच्या जाहिराती लागायच्या, साड्यांचा सेल, फरसाणाचं दुकान, आणि त्या आवाजात ताई नाव सांगायच्या. नाव बरोबर निघालं की तो आठवडा बरा जायचा.

सरांना हे माहीत होतं. त्यांनी कोणाला सांगितलं नाही, पण त्यांच्या लिहिण्याचा एकच नियम होता: पुरावा ऐकू आला पाहिजे. प्रेक्षकाला चकवायचं, पण गंडवायचं नाही, असं ते म्हणायचे, आणि प्रेक्षक म्हणताना त्यांच्या डोळ्यांपुढे एकच प्रेक्षक असायचा.

मालिकेचा दिग्दर्शक हर्षल हा डिंडोलीकडच्या नवागामचा. लग्नाचे व्हिडिओ करता करता इथवर आलेला, हुशार, घाईचा. वडील लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, कामाला; आई घरी साड्यांना टिकल्या लावायची. त्याला सगळं दाखवायची हौस. सरांचं आणि त्याचं दर आठवड्याला वाजायचं.

"सर, खुनी डावखुरा आहे ना? मी घड्याळ उजव्या हातात दाखवतो. क्लोजअप. एक सेकंद. खल्लास."

"ते टिकटिकतं का?"

"आता कुठं टिकटिकतात घड्याळं, सर?"

"मग घड्याळ नको. त्याला कात्रीनं काहीतरी कापायला दे. उजव्या हाताची कात्री डाव्या हातानं चालवली की ती अडते, कापड चावते. तो आवाज घे. आणि कोणीतरी म्हणू दे, 'अरे, कात्री चांगली आहे, तुलाच चालवता येत नाही.'"

"सर, हा टीव्ही आहे. रेडिओ नाही."

"माहीत आहे," सर म्हणायचे, आणि पुढचं पान काढायचे.

आमचा गुप्तहेर होता टीसी अण्णा. सुरत–भुसावळ गाडीवर जन्मभर तिकिटं तपासून निवृत्त झालेला. मूळ कथांतला तो उंच, अबोल, श्रीमंत साहेब सरांनी मुंबईतच उतरवून दिला. "आपल्याला असा माणूस हवा, ज्याच्याशी लोक रोज खोटं बोललेत," ते म्हणाले. भूमिका करायचे हजीऱ्याच्या एका कारखान्यातले सेफ्टी ऑफिसर, देशमुख. आवाज भारदस्त, पण नोकरी अंगात भिनलेली. एकदा चोर शिडीवरून गच्चीत चढतो असा प्रसंग होता. चोर अर्ध्यात पोचला आणि देशमुख टीसी अण्णाच्या कोटातच पुढे येऊन म्हणाले, "सेफ्टीचा पट्टा कुठं आहे याचा? खाली उतर आधी." चोर उतरला. शूटिंग दोन तास थांबलं. सर एका खुर्चीवर बसून आवाज न करता हसत होते, खांदे हलत होते तेवढेच.

मग तो लूमचा भाग झाला.

मूळ कथा समुद्रकाठच्या एका बंगल्यातली होती. सरांनी ती आणली उधन्याच्या एका लूमच्या कारखान्यात. मालक शेठ कचेरीत मेलेले सापडतात. कचेरीला लागूनच लूम. शेठचा भाचा सांगतो, मी दाराबाहेर उभा होतो, आत मामांचं कोणाशी तरी भांडण चाललेलं मी स्पष्ट ऐकलं. शेठचा भागीदार सांगतो, मी पलीकडच्या खोलीत होतो, लूमच्या आवाजात मला काही ऐकू आलं नाही. दारावर एक रखवालदार, तोही संशयित. टीसी अण्णा सगळ्यांचं ऐकून घेतो आणि भाच्याला धरतो, कारण लूम चालू असताना दाराबाहेरच्या माणसाला आतलं बोलणं ऐकू येणं शक्यच नाही. सर या भागावर खूश होते. पुरावा म्हणजे नुसता आवाजच. नलूसाठी याहून चांगलं काय असणार, असं ते बोलले नाहीत, पण लिहून झाल्यावर त्यांनी मला गाडीवरचा गरम लोचो खायला घातला.

त्या रविवारी मी त्यांच्याकडेच होते. अडाजणमधला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, खिडकीशी टीव्ही. भाग सुरू झाला आणि पहिल्याच प्रसंगात सर पुढे सरकून बसले. पडद्यावर लूम चालत होते. धोटे इकडून तिकडे धावत होते, कापड सरकत होतं, आणि आवाज अजिबात नव्हता. माणसं शांतपणे, स्वच्छ बोलत होती. मागे कुठंतरी मंद सतार वाजत होती.

सरांनी माझ्याकडे पाहिलं.  ताई ताठ बसून ऐकत होत्या. त्यांच्या कपाळावर आठी पडली, गेली, पुन्हा पडली. जाहिराती लागल्या.

"रखवालदार," ताई म्हणाल्या. आवाजात खात्री नव्हती.

जाहिराती संपल्या. टीसी अण्णांनी भाच्याला धरलं आणि कारण सांगितलं.

ताईंनी मांडीवरचे हात सोफ्यावर टेकले. मग म्हणाल्या, "लूम चालू होते का?"

"चालू होते गं. त्या मूर्खांनी आवाज काढून टाकलाय."

"असं का," ताई म्हणाल्या. डॉक्टर काहीतरी समजूत घालतात तेव्हा आपण म्हणतो, तसं. आणि उठून, भिंतीला हात लावत, आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी सर आणि मी वाहिनीच्या कचेरीत गेलो. सर कधी ओरडायचे नाहीत. शाळेतही रागावले की त्यांचा आवाज खाली जायचा. हर्षलला त्यांनी इतक्या हळू विचारलं की त्याला दोनदा 'काय?' म्हणावं लागलं.

"सर, डायलॉग ऐकू येत नव्हते. आपले माइक स्वस्तातले. मी सगळा लूमचा आवाज साफ केला. रात्रभर बसलो होतो त्यासाठी." मग तो जरा ओशाळला. "खरं सांगू का, मला लक्षातच आलं नाही. लूम दिसला की मला आवाज येतोच, सर. आमच्या गल्लीत जन्मापासून तोच आहे. माझ्या आईला तर पहिल्या पाच मिनिटांत कळलं. ती म्हणे, 'लूम चालू शे नि याले आयकू येस? खोटं बोली ऱ्हायना हाऊ.' शेजारणी पण हसत होत्या. अख्ख्या नवागामला कळलं."

अख्ख्या नवागामला कळलं आणि अडाजणच्या एका घरात कळलं नाही. सरांनी ते ऐकून घेतलं. त्या दिवशी प्रथमच त्यांनी हर्षलला सांगितलं की त्यांच्या घरी एक प्रेक्षक आहे, तिला दिसत नाही. हर्षल समोरची जुनी पानं चाळायला लागला. थोड्या वेळानं म्हणाला, "मग कात्री... ते सगळं..." आणि थांबला.

पुढचे रविवार अवघड गेले. ताई टीव्हीसमोर बसायच्या, पण सोफ्याच्या कडेला नाही, मागे टेकून. जाहिराती लागल्या की सर विचारायचे, "कोण?"

"तुम्हीच सांगा."

"नलू, ऐकलंस ना सगळं?"

"ऐकलं हो. आता नाही जमत. सोडा ना."

एकदा फोनवर ताईंनी मुलीला चुकून आपल्या बहिणीच्या नावानं हाक मारली. असं कोणाचंही होतं. पण फोन ठेवल्यावर त्या कितीतरी वेळ तशाच बसून होत्या. सरांनी पुन्हा सांगून पाहिलं की चूक तुझी नव्हती, आवाजच नव्हता. ताई म्हणाल्या, "तुम्ही मला बरं वाटावं म्हणून सांगता, ते मला कळतं. तेवढं अजून कळतं."

हे वाक्य सरांना लागलं. त्या दिवसापासून ते तो भाग पुन्हा दाखवायच्या मागे लागले, लूमच्या आवाजासकट. जिग्नेशभाई हात जोडायचे. "काका, लोक आवाज सुधारवा माटे पैसे देतात. तुम्ही बिगडवायला सांगता?"

पण तेवढ्यानं भागणार नव्हतं, हे सरांच्याही लक्षात आलं. भाचा खुनी आहे हे ताईंना आता ठाऊक होतं. ठाऊक असलेलं पुन्हा ओळखण्यात काय अर्थ? दोन-तीन दिवस त्यांचा फोन आला नाही. मग मीच केला.

"कथा परत वापीला गेलीय," सर म्हणाले. "पण येईल. एक गंमत सुचतेय."

ती गंमत त्यांनी मला त्यांच्या घरी नाही, आमच्या घरी येऊन सांगितली, कारण ताईंच्या कानावर पडायला नको होती. जी दुपार आपण दाखवतो, ते म्हणाले, त्या दुपारी लूम आधी चालू असू देत. कान फुटेल असे. आणि मग वीज जाऊ दे. कोणी म्हणायचं नाही 'लाइट गेली'. नुसते लूम मंदावत मंदावत बंद पडतील, आणि एका कामगाराच्या मोबाइलवर गाणं लागलेलं असेल, जे इतका वेळ ऐकूच येत नव्हतं, ते ऐकू यायला लागेल. "मग बघा काय होतं. भाचा म्हणतो, मी भांडण ऐकलं. खरं बोलतो, कारण तेव्हा शांतता होती. आणि भागीदार म्हणतो, लूमच्या आवाजात मला काही ऐकू आलं नाही."

"तो खोटं बोलतो," मी म्हणाले.

"जबान्या त्याच. चेहरे तेच. नुसता आवाज बदलला, बाई, आणि खुनी बदलला." 

बंद पडणारे लूम आणि शेवटचा प्रसंग तेवढा नव्यानं चित्रित करावा लागला. देशमुखांनी हजीऱ्याहून रजा काढली. भागीदाराचं काम करणारे गृहस्थ खुनी व्हायला खूश होते; भाचा झालेला मुलगा सुटल्याबद्दल जरा नाराज. लूमचा आवाज हर्षलनं वडिलांच्या कारखान्यातून स्वतः रेकॉर्ड करून आणला आणि तो ऐकवताना सरांना म्हणाला, "बघा सर, हा बंद पडताना कसा श्वास सोडतो." जिग्नेशभाईंनी शेवटी मान डोलावली. "खून एक, खुनी दो? चालेल काका, ही तर जाहिरात आहे." आणि आठवडाभर खरोखरच वाहिनीवर पट्टी फिरत राहिली: या रविवारी खुनी बदलणार. सरांनी तो आठवडा घरातला टीव्ही बंद ठेवला. केबल बिघडलीय, म्हणाले.

त्या रविवारी हर्षलही आला. आम्ही दोघं स्वयंपाकघराच्या दाराशी उभे होतो. सर नेहमीच्या खुर्चीत.

सुरुवातीचं संगीत ऐकून ताई म्हणाल्या, "हा जुनाच दिसतो."

"पुन्हा दाखवतायत."

"मग मी जरा पडते."

"बस ना. चहा होतोय."

त्या बसल्या, कारण चहा होत होता. आणि लूम सुरू झाले. इतक्या जोरात की शेल्फवरच्या काचा थरथरल्या. ताईंनी मान वर केली.

"हा आवाज तेव्हा नव्हता."

 आवाज चालूच राहिला, मग खाली येऊ लागला, एकेक लूम थांबत गेला, आणि त्या पोकळीत कुठूनतरी एक साधं गाणं ऐकू यायला लागलं. ताई टेकणं सोडून पुढे सरकल्या. सोफ्याच्या कडेला. हात मांडीवर. भाच्याची जबानी झाली. भागीदाराची झाली.  सर टीव्हीकडे बघतच नव्हते.

जाहिराती लागायच्या आधीच ताई म्हणाल्या, "अहो, भाचा नाही."

"का? मागच्या वेळी तोच होता."

"मागच्या वेळचं सोडा. लाइट गेली होती तेव्हा. लूम बंद होते. मग त्या भागीदाराला कसला आवाज आडवा आला? तो खोटं बोलतोय." मग त्या क्षणभर थांबल्या. "बरोबर ना?"

"बघू या," सर म्हणाले. एवढंच. पण ते बोलताना त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला, आणि शेवटचा प्रसंग, ज्यासाठी एवढी धावपळ केली होती, तो चष्म्याशिवायच पाहिला.

चहा मीच केला. ताई माझ्यामागे भिंतीच्या आधारानं आत आल्या आणि साखरेचा डबा न चुकता पुढे करत हळूच म्हणाल्या, "हा आटापिटा कोणासाठी केला, ते ओळखायला काही कान लागत नाहीत, मीनल. त्यांना म्हणू नकोस मी बोलले म्हणून."

त्यानंतर ताई बरीच वर्षं होत्या. दर रविवारी नाव सांगायच्या. कधी चुकायच्या देखील. चुकल्या की रागवायच्या, सरांशी वाद घालायच्या, हा पुरावा पुरेसा नव्हता म्हणायच्या. पण घाबरायच्या नाहीत. त्या गेल्या हृदयविकारानं, अचानक. आणि गेल्या त्या सकाळी त्यांना जे कळायचं ते सगळं कळत होतं. सर हे येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते. लोक मान हलवत होते. त्यातलं सांत्वन काय आहे ते आम्हा दोघा-तिघांनाच समजत होतं.

वाहिनीही पुढे बंद पडली. लोक मोबाइलवर बघायला लागले. हर्षल आता इच्छापोरकडच्या कंपन्यांसाठी फिल्म करतो. सणावाराला सरांकडे यायचा, त्यांना नव्या मालिका लावून द्यायचा. सर दहा मिनिटं बघायचे. "सगळं दाखवतात," म्हणायचे, आणि बंद करायचे.

त्यांनी लिहिणं मात्र थांबवलं नाही. वाहिनी नाही, टीसी अण्णा नाही, तरी कथा येतच होत्या. मी विचारलं नाही कशासाठी. शनिवारी मी त्यांच्याकडे जायचे, झालेली पानं घेऊन यायचे, संगणकावर उतरवायचे, छापून परत द्यायचे.

सर जाऊन आता काही महिने झाले. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते अशाच एका दुपारी. ते खूप बारीक झाले होते, शर्टाची कॉलर गळ्यापासून सुटलेली. म्हणाले, "आज नेऊ नका. आधी ऐका." आणि वाचायला लागले. इच्छापोरच्या एका गोदामाचे मालक, त्यांची भावजय, ड्रायव्हर, आणि ऐनवेळी बोलावलेले डॉक्टर. आवाज अधूनमधून बसत होता, पण प्रत्येक माणूस वेगळा ऐकू येत होता. शेवटच्या पानाआधी ते थांबले आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"कोण?"

इतक्या वर्षांत त्यांनी मला हे कधीच विचारलं नव्हतं.

"मला कुठलं येतंय, सर."

"सांगा हो. कोणीतरी सांगायला हवं."

मी विचार केला. "डॉक्टर."

"कशावरून?"

"ते म्हणतात, मी या घरात पहिल्यांदाच येतोय. पण आल्याबरोबर नळाचा आवाज येतो. पहिल्यांदा आलेला माणूस विचारतो, हात कुठं धुऊ म्हणून."

सरांनी पानं उलटी चाळली. "म्हणजे तुम्हाला दुसऱ्याच पानावर कळलं."

"हो."

"बाई, तुम्हाला दुसऱ्या पानावर कळलं म्हणजे फारच सोपी झाली."

"अपमान करताय, सर."

"करतोय," ते म्हणाले. त्यांनी पेन उघडलं होतं. "तिनं तर नळ सुटायच्या आधीच डॉक्टर पकडला असता. आणि मग अर्धा तास माझ्याकडे तोंड करून नुसती बसली असती. असली आयती हातात दिलेली चालायची नाही तिला. थांबा. हा नळ काढू या."

मी थांबले. चहा करून त्यांच्याजवळ ठेवला. नळ काढल्यावर त्या जागी दुसरं काहीतरी हवं होतं, त्याहून बारीक, आणि ते सुचत नव्हतं. चहावर साय धरली. मी निघते म्हटलं तेव्हा त्यांनी मान वर न करता डावा हात जरासा उचलला.

मी जाळीचं दार ओढून घेतलं आणि लिफ्टसाठी उभी राहिले. आतून त्यांचा आवाज येत होता. "'मी या घरात पहिल्यांदाच येतोय,' डॉक्टर म्हणाले." मग शांतता. पेनचा आवाज. मग तेच वाक्य पुन्हा, या वेळी थोडं सावकाश, मधल्या एका शब्दावर जरासं रेंगाळून, आणि ते पुन्हा थांबले. लिफ्ट आली होती. मी तिचं दार धरून तशीच उभी राहिले.